गुहेतील डरकाळी

यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, समुद्रात एक खडकाळ बेट होते, आणि त्या बेटावर एकदा एक वृद्ध शस्त्रगुरू राहत असे. बेटाच्या माथ्यावरील गुहेत सिंहाच्या धडाचा आणि सर्पाच्या मानेचा एक राक्षस होता. वर्षातून एकदा त्याला माणूस द्यावा लागे; न दिल्यास तो खाली उतरून सारे गाव गिळील, असे पणजोबांच्या काळापासून सांगत आले होते. चिठ्ठीत ज्याचे नाव निघे त्याला गुहेच्या अंधारात ढकलत आणि तोंड फिरवून दाराशी धोंडा लावीत. धोंडा घरच्याच माणसाने लावायचा, अशी रीत होती. मग तीन-चार दिवस आतून डरकाळ्या ऐकू येत. त्या थांबल्या की राक्षस तृप्त झाला असे समजून लोक कामाला लागत.

गुरूंच्या एका शिष्याच्या धाकट्या बहिणीचे नाव दोन वर्षांपूर्वी निघाले होते. धोंडा त्यानेच लावला होता. त्या वर्षीच्या डरकाळ्या त्याच्या कानांतून गेल्याच नाहीत. तेव्हापासून तलवारीखेरीज त्याने दुसरे काही हाती धरले नाही. अखेर एके सकाळी तो राक्षसाच्या वधासाठी निघाला. गाव पायथ्याशी जमले. वर त्याच्यासोबत गेले ते एकटे गुरू.

त्याने पहारीने धोंडा सरकवला, मशाल पेटवली आणि तो आत शिरला. पायाखाली हाडे आली, ती राक्षसाची उष्टी समजून तो ओलांडून गेला. परत आला तेव्हा तलवार कोरडी होती. आत राक्षस होता, पण नुसता सापळा उरलेला, बरगड्यांवर बोटभर धूळ साचलेला. तो मेल्याला पिढ्या लोटल्या असाव्यात.

"मग माणसांना कोणी खाल्ले?" त्याने विचारले.

गुरूंनी त्याच्या हातातली मशाल घेतली. ते स्वतः गुहेत शिरले आणि म्हणाले, "धोंडा लाव."

शिष्याला काही उमगेना, तरी आज्ञा म्हणून त्याने धोंडा लावला. तोच आतून डरकाळी उठली. तीच ती, दोन वर्षे त्याच्या झोपेत घुमणारी. राक्षस मेलेला त्याने नुकताच डोळ्यांनी पाहिला होता. तरीही हात तलवारीकडे गेला, पाऊल मागे सरले. भानावर येताच त्याने घाईघाईने पहार लावली.

गुरू बाहेर आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी तुला नावाने हाक मारली," ते म्हणाले. "उघड, एवढेच म्हणालो. या गुहेत माणसाच्या आवाजाचे असे होते. राक्षस मेला हे कोणाला कळले नाही, कारण ते पाहायला आत जावे लागले असते. भय मात्र बाहेर बसूनही पोसता येते. चाळीस वर्षे मी या डरकाळ्या ऐकल्या आणि चाळीस वर्षे कानांवर हात ठेवले. तुला मी शस्त्र धरायला शिकवले, बाळा. आधी ऐकायला शिकवायला हवे होते."

शिष्य पुन्हा आत गेला. धोंड्याच्या आतल्या अंगाला हाडे एकमेकांवर पडली होती. डावा हात लहानपणी मोडून वाकडा जुळला होता, त्यावरून त्याने बहीण ओळखली. आपल्या वस्त्रात तिला गुंडाळून तो डोंगर उतरला.

लोकांनी राक्षसाचे शिर मागितले. त्याने गाठोडे जमिनीवर ठेवले आणि वर जे घडले ते सारे सांगितले. शेवटी म्हणाला, "ती मला हाका मारीत होती. आणि धोंडा मी लावला होता."

गर्दीतली एक म्हातारी खाली बसली. तिचा मुलगा वर गेल्याला सोळा वर्षे झाली होती.

"माझ्या वेळी डरकाळी सहा दिवस चालली होती," ती हळूच म्हणाली.

एकाने पहार खांद्यावर घेतली, आणि लोक एकेक करून डोंगर चढू लागले.