निःसंगदासाची कांडी

"…आणि यात सगळं आहे म्हणतोस?"

बुवांनी ती वस्तू तळहातावर घेऊन उलटीपालटी करून पाहिली. खडूच्या कांडीपेक्षा जराशी जाड, काळी, एका टोकाला पत्र्याचं चपटं तोंड.

"सगळं, बुवा," निःसंगदास म्हणाला. "अख्खा संगणक आहे हा. कुठल्याही टीव्हीच्या पाठीमागे खोचायचा, की सुरू. तुमची सहाशे बारा प्रवचनं यात आहेत. ग्रंथांवरच्या अठरा टीका आहेत. उद्याच्या माझ्या प्रवचनाची टिपणं आहेत, चित्रांसकट."

"आणि तुझ्यापाशी काय आहे?"

"ही कांडीच की. लॅपटॉप शाळेला दिला, पुस्तकं वाचनालयाला. अपरिग्रह म्हणतात तो याहून निराळा काय असतो, बुवा?"

बुवांनी कांडी कानाला लावली. थोडा वेळ ऐकत राहिले.

"बोलत नाही ही."

"अशी नाही बोलणार. तिला टीव्ही लागतो."

"अस्सं…"

निःसंगदास चार वर्षांपूर्वी पुण्यातली कंपनी सोडून आगळेवाडीच्या टेकडीवर बुवांच्या मठात आला होता. निःसंगदास हे नाव त्यानेच सुचवलेलं. बुवा तेव्हा म्हणाले होते, राहू दे, तुला आवडतंय तर. मठात बाकीचे शिष्य रोज माधुकरीला गावात उतरत. निःसंगदासाने दोन वर्षांपासून त्यातून अंग काढून घेतलं होतं, कारण बुवांची प्रवचनं साठवायचं मोठं काम त्याच्या डोक्यावर होतं. ते काम त्याच्या डोक्यावर कोणी ठेवलं होतं, हे मात्र कोणालाच आठवत नव्हतं.

आता शहरात नवा मठ उभा राहिला होता. उद्या सकाळी नऊ वाजता तिथलं पहिलं प्रवचन. भिंतभर पडदा लावून तयार होता आणि निःसंगदासाचा जीव त्या पडद्यात अडकला होता. फक्त बुवांनी 'जा' म्हणायचं राहिलं होतं. तेही तोंडाने म्हणायची रीत नव्हती. ज्याला पाठवायचं त्याला बुवा आपल्या हाताने भाकरी बांधून देत. ज्याला भाकरी मिळाली नाही त्याने झाडू घ्यावा आणि अंगण झाडावं.

निःसंगदास चार वर्षं अंगण झाडत होता.

"बुवा, सव्वापाचची एसटी आहे," तो म्हणाला. "मग… निघू का?"

बुवांनी खुंटीवरची झोळी काढली. निःसंगदासाचा चेहरा उजळला. बुवांनी झोळीत कांडी टाकली, तिची वायर टाकली आणि झोळी त्याच्या खांद्याला अडकवली.

"भाकरी?" त्याने हळूच विचारलं.

"आधी टीव्ही माग. माधुकरीला जातात तसा."

"टीव्ही मागू?"

"तिला लागतो म्हणालास ना. पाच घरं. दारात एकदाच हाक. जे वाढतील ते घ्यायचं. मीठ कमी म्हणायचं नाही. आणि एकदा पाठ फिरवली की त्या दारावर आज पुन्हा जायचं नाही."

"नियम ठाऊक आहेत, बुवा."

"दोन वर्षं झाली ना…" बुवा म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

निःसंगदास टेकडी उतरला. उतरताना त्याने मनाशी हिशेब केला : गावात घरोघरी टीव्ही, काम अर्ध्या तासाचं. बुवा जुन्या काळचे, त्यांना एकदा दाखवून दिलं की भाकरी हातात.

पहिल्या दारात त्याने हाक दिली, "माई, टीव्ही वाढा."

आतून बाई आली. हातात भाकरी आणि वर पिठल्याचा गोळा. तिने 'माई' आणि 'वाढा' एवढंच ऐकलं होतं. तो तोंड उघडतोय तोवर पिठलं झोळीत.

"माई, मी टीव्ही म्हणालो."

"टीव्ही न्हाई वाढत आमी कुनाला," ती म्हणाली. "लई दिसांनी आलासा, म्हाराज. वाळलासा."

त्याने पुढच्या वळणावर कांडीवरचं पिठलं उपरण्याने पुसलं. पत्र्याच्या तोंडात थोडं राहिलंच, ते काडीने काढलं.

दुसऱ्या घरी टीव्ही मोठा होता. दाराएवढा. पण त्यावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं.

"पोरगा दिवाळीला येनार हाय," घरधनी म्हणाला. "त्याच्या हातानं उद्घाटन."

"कधी आणलाय?"

"दोन दिवाळ्या झाल्या त्याला."

तिसऱ्या घरी टीव्ही जुना, डबड्यासारखा. त्याची काच आणि पोट केव्हाच काढून टाकलं होतं आणि आत गवतावर खुडूक कोंबडी बसली होती. तिने निःसंगदासाकडे असं पाहिलं की तोच ओशाळला.

"उठवायची न्हाई तिला," म्हातारी म्हणाली. "बारा दीस झाल्यात. अजून नऊ दिसांनी या, मग टीव्ही मोकळाच हाय." आणि तिने झोळीत दोन कांदे टाकले.

चौथ्या घरी टीव्ही चांगला चालू होता, पण समोर सहा बायका बसल्या होत्या आणि मालिकेतली सासू मरणपंथाला लागली होती.

"बसा, म्हाराज. ही मेली की तुमचं लावू."

सासू काही मरेना. निःसंगदास दाराशी बसला, आधी डोळे मिटून, मग एक डोळा उघडून. पाऊण तासाने तो उठला तेव्हा थोरली सून खरी कोण आणि तिच्या जुळ्या बहिणीला कोणी पळवलं, हे त्याला नीट ठाऊक झालं होतं. आपला आपल्यालाच राग आला त्याला. चार वर्षांची साधना आणि 'पुढं काय होतं हो?' असं तो विचारून बसला होता.

राहिलं एकच घर. ऊन उतरायला लागलं होतं. कुठल्याही टीव्हीवर चालते, असं तो बुवांना छाती पुढे काढून म्हणाला होता, आणि हात हलवत परत जायचं म्हणजे पुन्हा झाडू.

पाचवं घर रंगराव कंडक्टरचं. रंगराव एसटीतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली होती, पण खाकी शर्ट अजून अंगात होता. ते बाजेवर बसले होते. बायको हौसाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लसूण सोलत होत्या. टीव्ही भिंतीवर, बरोबर दोघांच्या मध्ये. बंद.

"माई, टीव्ही वाढा," निःसंगदास म्हणाला. आवाजात आता आर्जव आलं होतं.

"घ्या की, म्हाराज," रंगराव म्हणाले. "बंदच हाय चार दीस."

त्याला गहिवरून आलं. त्याने झोळीतून कांडी काढून टीव्हीच्या पाठीमागे खोचली, वायर लावली, टीव्हीखालचं बटण दाबलं. निळा पडदा उजळला. त्यावर अक्षरं आली : सिग्नल नाही.

"काका, रिमोट द्या जरा. यावरून टीव्हीला सांगावं लागतं, कांडी कुठल्या भोकात आहे ते."

रंगरावांनी उशाखालून रिमोट काढून दिला. त्याने बटण दाबलं. काही नाही. पाठीमागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते.

"सेल?"

रंगरावांनी आढ्याकडे पाहिलं. "तेन्ला इचारा."

"कोणाला?"

"हितं तिसरं कोन हाय?"

निःसंगदासाने हौसाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराची गाठ दाखवली. गाठीत दोन सेल होते.

"तेन्ला सांगा, म्हाराज," त्या लसूण सोलत म्हणाल्या, "रिमोट त्येंचा तर सेल माझं. चार दीस झालं, बसल्यात बातम्यांबिगर."

"तेन्ला सांगा, मालिकाबी बुडल्यात म्हनावं."

"तेन्ला सांगा, बुडू द्यात."

दोघांच्या मध्ये सहा फूट अंतर. निःसंगदास तीन वेळा इकडून तिकडे गेला आणि चौथ्यांदा जमिनीवर बसला. क्रोध आणि गृहस्थाश्रम यांवर त्याच्यापाशी एकशे चाळीस टिपणं होती, विषयवार लावलेली. पण ती टीव्हीच्या पाठीमागे खोचलेली होती, आणि टीव्ही म्हणत होता, सिग्नल नाही.

"काका… क्रोध हा जो आहे…" त्याने सुरुवात केली. पुढचं वाक्य चित्राखाली होतं. चित्रात एक ज्वाला होती एवढंच त्याला आठवलं.

त्याने हौसाबाईंच्या पुढ्यातला लसणाचा एक गड्डा घेतला आणि सोलायला लागला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

बऱ्याच वेळाने हौसाबाई म्हणाल्या, "मी निस्तं म्हनलं, समुद्र बघायचा हाय. तर म्हनं, त्यात काय बघायचं, पानीच की."

निःसंगदासाला यावर बुवांचं एक प्रवचन आठवलं. नंबरही आठवला. मजकूर आठवला नाही.

"एकतीस वर्सं," हौसाबाई म्हणाल्या, आता रंगरावांकडे बघत. "सगळ्या तालुक्याला इचारलं, कुठं जायचं, कुठं जायचं. मला कवा इचारलं?"

लसणाची पाकळी त्यांच्या हातातच राहिली. रंगराव शर्टाच्या खिशात हात घालून काहीतरी चाचपायला लागले, जिथे पूर्वी पेन्सिल असायची.

"म्हाराज," ते म्हणाले, "तेन्ला इचारा… कुठं जायचं."

निःसंगदासाने तोंड उघडलं. मग हौसाबाईंचा चेहरा पाहिला आणि मिटलं. हा निरोप आपण पोचवायचा नाही एवढं त्याला कळलं. कसं कळलं ते त्याला सांगता आलं नसतं.

टीव्ही निळा.

रंगराव बाजेवरून उठले. सहा फूट चालत गेले आणि उंबऱ्याशी थांबून, खाली बघत म्हणाले, "कुठं जायचं गं?"

हौसाबाईंनी पदराची गाठ सोडली. सेल रंगरावांच्या हातावर ठेवले.

"आदी च्या प्या," त्या म्हणाल्या. "मग सांगते."

मग चहा झाला. रंगरावांनी गुहागरच्या गाडीच्या वेळा तोंडपाठ सांगितल्या, कुठे बदलायची तेही. हौसाबाईंनी विचारलं, समुद्रात पाय घातले तर साडी खराब होते का. निःसंगदासाने सांगितलं, होते, पण वाळते. चहा इतका आल्याचा आणि गोड होता की त्याने दुसरा कप मागून घेतला, जे माधुकरीच्या नियमात बसत नव्हतं. सेल बाजेवर पडून राहिले. निघताना हौसाबाईंनी झोळीत दोन गरम भाकऱ्या आणि लसणाची चटणी घातली. टेकडी चढताना तो चक्क गुणगुणत होता.

बुवा होते तिथेच बसले होते.

"टीव्ही मिळाला?"

"मिळाला, बुवा. पाचव्या घरी."

"कांडी लावलीस?"

"लावली."

"काय म्हणाली?"

"सिग्नल नाही म्हणाली."

बुवा एवढे हसले की त्यांना खोकला लागला. निःसंगदासाने पाणी दिलं आणि सगळं सांगितलं : कोंबडी, न मरणारी सासू, उशाखालचा रिमोट, पदरातले सेल, समुद्र. सांगताना हातवारे करत होता, दोघांचे आवाज काढत होता. चार वर्षांत बुवांसमोर तो इतकं कधी बोलला नव्हता. आणि इतक्या वेळात एकही टीका मध्ये आली नव्हती.

"बरं," बुवा म्हणाले. "आण बघू ती कांडी."

निःसंगदासाने झोळीत हात घातला. भाकरी लागली. कांदा लागला. दुसरा कांदा लागला. पिठलं हाताला लागलं. त्याने झोळी उलटी केली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बुवा… ती तिथेच राहिली. टीव्हीच्या पाठीमागे."

"हं."

"सगळं त्यात आहे, बुवा. उद्याचं प्रवचन त्यात आहे. दुसरीकडे कुठे काही ठेवलेलं नाही मी. पळत जातो, वीस मिनिटांत आलो."

तो उठलाही. बुवांनी फक्त बोट वर केलं.

"पाठ फिरवलीस ना त्या दाराला?"

निःसंगदास उभ्या जागी थांबला. नियम ठाऊक आहेत, असं दुपारी तोच म्हणाला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांचं झाडणं, भिंतभर पडदा, चित्रांसकट टिपणं, सगळं एका निळ्या टीव्हीमागे जाऊन बसलं होतं. तो कोपऱ्यात गेला आणि झाडू उचलला.

"ठेव तो," बुवा म्हणाले.

त्यांनी हौसाबाईंच्या दोन भाकऱ्या उचलल्या. मध्ये चटणी लावली. धुतलेल्या फडक्यात सावकाश, चारही टोकं जुळवत बांधल्या आणि गाठ घट्ट आहे का ते ओढून पाहिलं. मग ते गाठोडं त्याच्या हातात दिलं.

निःसंगदास गाठोड्याकडे बघतच राहिला. भाकऱ्या अजून कोमट होत्या.

"आता?" तो म्हणाला. "बुवा, आता माझ्यापाशी काहीच नाही."

"साडेचार झाले. उतरायला वेळ लागतो."

"पण मी तिथे बोलू काय? एवढी माणसं असतील…"

"असतील," बुवा म्हणाले. "त्यांत कुणीतरी कुणाशी बोलत नसेलच."