बिनशेंदराचा तलाव

सावरखोरीच्या तलावावर आलेला पाहुणा आधी देऊळ शोधतो. आसपासच्या प्रत्येक तलावाच्या बांधावर शेंदूर फासलेला एखादा तरी दगड आहे. इथे साधी पणतीही नाही. ओढ्याचे पाणी ज्या चरातून तलावात येते, तो चर मात्र पाहण्यासारखा. वरून एवढा रुंद की बैलगाडी वळावी, आणि दोन्ही अंगांनी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेला. बांधावर बसणारे धोंडीआबा त्याची हकीकत सांगतात, तीही कुणी विचारले तरच.

लागोपाठ दुष्काळ पडले होते म्हणे. गावचे पाटील रावजी यांनी ओढ्याचे पाणी तलावाकडे वळवायचे ठरवले आणि वडारांची टोळी बोलावली. त्या टोळीत तिम्मा होता आणि त्याची बायको दुर्गव्वा. तो खाली खणायचा, ती पाटीने माती वर काढायची.

काळी माती सरळ उभी कापू नये, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होते. तिला उतार द्यावा, नाहीतर लाकडाचे धिरे लावून आधार द्यावा. काढलेली माती काठापासून लांब टाकावी. पण उतार द्यायचा म्हणजे कितीतरी जास्त खणायचे. तेवढे त्राण कुणात उरले होते? पाटलांना पाण्याची घाई, टोळीला सुटकेची. चर कमरेएवढा झाला, गळ्याएवढा झाला, आतला माणूस दिसेनासा झाला, तरी कड सरळच राहिली. दुर्गव्वाही पाटी काठावरच उपडी करू लागली. चार पावले पुढे टाकायची म्हणजे चार पावले माघारी यायचे.

एका सकाळी तिला काठाजवळ लांबलचक भेग दिसली.

“आज उतरू नगा,” ती तिम्माला म्हणाली.

“एवढा टप्पा होऊ दे,” तो म्हणाला. “मग दोघं बी झोपू.”

तिनेही फार ताणून धरले नाही. झोपेचे नाव ऐकूनच तिचे डोळे मिटत होते, असे सांगतात.

पोते कलंडावे तेवढाच आवाज झाला. ढीग, काठ आणि त्यासोबत उभी कड आत गेली. माणसे धावली, पण दुसरी बाजूही हलत होती. आधी ती पाडून घ्यावी लागली, मग माती उपसायची. दिवस कलल्यावर तिम्मा सापडला. उभाच होता.

दुसऱ्या दिवशी गावातली जाणती मंडळी शेंदूर घेऊन आली. तलावाने बळी घेतला, आता पाणी कधी आटणार नाही, तिम्माला इथेच देव करू, असे ती म्हणाली. दगडही आणला होता. पहिले बोट लागताच दुर्गव्वा उठली आणि तिने पदराने तो शेंदूर पुसून काढला.

“देव करू नगा त्येला,” ती म्हणाली. “शेंदूर लावला की तुमी मोकळे. फुडला मेला की त्येला बी लावाल. मातीनं काय बी मागितलं न्हवतं. आपण समदे दमलो हुतो. म्या बी माती काठावरच टाकली.”

पाटलांनी विचारले, “मग आम्ही करावं तरी काय?”

“खाली उतरा. त्यो हुता तसं उभं ऱ्हावा.”

चराचा उरलेला भाग तसाच सरळ होता. रावजी पाटील त्यात उतरले. वर आभाळाची चिंधी तेवढी दिसत होती, मानेवर बारीक माती गळत होती. ते वर आले ते हातापायांवर. धाप ओसरल्यावर म्हणाले, “रुंद करा. पायऱ्या काढा. पाण्याला उशीर झाला तरी चालेल.”

उशीर झालाच. त्या साली पाणी आले नाही. गावाने आणखी एक उन्हाळा कोरडा काढला, दावणी रिकाम्या झाल्या. दुर्गव्वा शेवटपर्यंत पाट्या वाहत होती, प्रत्येक पाटी लांब नेऊन टाकत होती. काम संपल्यावर टोळीबरोबर निघून गेली. पुढे तिचे काय झाले, गावाला ठाऊक नाही.

आजही सावरखोरीत घराचा पाया असो की नळाचा चर, काम सांगणारा आधी खाली उतरतो, थोडा वेळ उभा राहतो. मग गडी उतरतात. मागल्या उन्हाळ्यात जेसीबी घेऊन आलेला ठेकेदार बराच कुरकुरला. त्याच्याकडे सगळे गाव नुसते बघत राहिले, तेव्हा उतरला. वर आला. बूट झाडले, पाणी प्यायला, आणि चालकाला म्हणाला, “तो ढीग मागं घे. कड अजून उतरती कापायचीय.”