झेंडे गोळा करणारं गाढव

जनावरांनाही रविवारची सुट्टी असे, त्या काळातली गोष्ट. दर रविवारी सगळी तळ्याभोवती धावत. नवख्या साळिंदराची पार दमछाक होई. पण वाटेवरचे खुणेचे झेंडे गोळा करत मागून गाढव येई, म्हणून निदान आपण शेवटचे नाही, एवढंच त्याला समाधान.

तिसऱ्या रविवारी साळिंदराने वाटेतच बसकण मारली. गाढवही थांबलं.

"जा की पुढे," साळिंदर वैतागलं.

"कसा जाऊ? सगळ्यांच्या मागे राहणं हेच माझं काम."

"म्हणजे इतके दिवस शेवटचा मीच!"

"छे, तो नंबर माझा. कुणाला देत नाही." गाढवाने पाठीवरचं ओझं सावरलं. "बस निवांत. तू पोचल्याशिवाय फेरी संपत नाही."

साळिंदराने जरा दम खाल्ला. मग कण्हत उठलं आणि म्हणालं, "दादा, निम्मे झेंडे माझ्या काट्यांत खोच."