पायपेटीचा दम

दशावताराची मंडळी डोक्यावर पेटारे घेऊन गावोगाव हिंडायची, ते दिवस नुकतेच सरले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका मंडळीतल्या जुन्या पायपेटीशेजारी नवा कीबोर्ड येऊन बसला. पेटीचा भाता इतका फाटला होता की आता तो शिवताही येत नव्हता.

पेटी वाजवणारे भिकाजी मेस्त्री तिचा आवाज कीबोर्डात तयार करू लागले. कीबोर्डाने मोठ्या हौसेने स्वच्छ, गोड सूर काढून दिला. भिकाजींनी मान हलवली. "गोड आसा, पण आमची पेटी नाय ही."

"काय राहिलं?" कीबोर्डाने पेटीला विचारलं.

"सूर देण्याआधी मी दम घेते. तेवढं राहिलं."

"तो तर दोष! जपायचं तर चांगलंच जपावं."

भिकाजींनी मात्र सूर जरा उशिरा उमटेल असा केला, आधी दम घेतल्याची हलकी फुसफुस मिसळली आणि तो आवाज कीबोर्डात साठवला. कीबोर्ड मनातून खट्टू झाला.

दुपारी तालीम लागली. तीस वर्षं राण्यांची कामं करणारे तातू धुरी पाठमोरे उभे होते. ती फुसफुस कानावर येताच त्यांनीही श्वास भरून घेतला आणि दोन्ही सूर एकदम उठले. पद संपल्यावर मागे न बघताच ते म्हणाले, "भिकाजी, पेटी दुरुस्त केलंस? बरा केलंस रे."

भिकाजींनी शेजारच्या जुन्या पेटीवरून हात फिरवला.

कीबोर्ड पेटीकडे वळून हळूच म्हणाला, "आजी, आणखी काही राहिलं असेल तर सांग. माझ्यात जागा आहे."