बॅकअप घेऊन गेलेले गुरुजी

एकदा एक अक्षरजुळणी करणारी स्त्री घरच्या संगणकापुढे डोक्याला हात लावून बसली होती. हेमलता तिचे नाव. गावच्या शाळेच्या शताब्दीची स्मरणिका तिने हाती घेतली होती आणि ती अर्धीअधिक जुळवूनही झाली होती. अडचण अशी की, तिची मराठी अक्षरे ज्या प्रोग्रॅममध्ये होती, तो संगणकाच्या जुन्या प्रणालीखेरीज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमखेरीज, दुसऱ्या कशावर चालायला तयार नव्हता. आणि ती जुनी प्रणाली इंटरनेटवर पाऊल टाकायला तयार नव्हती. छापखान्याला तर पाने इंटरनेटवरूनच हवी होती. दोघांच्या हट्टात मरण मात्र हिचे.

तिला संगणक शिकवणारे निवृत्त गुरुजी जवळच राहत. तिने बोलावताच ते आले आणि त्यांनी सगळे ऐकून घेतले. "जुनीला हाकलू नकोस. त्याच संगणकात तिच्या शेजारी दुसरी प्रणाली बसव. चालू करताना तो विचारेल, कोणती हवी. तू सांगायचं."

"मी? सर, तुम्हीच बसवून द्या ना."

"हात तुझे. मी शेजारी बसतो."

प्रथम त्यांनी तिला सगळ्या कामाचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायला लावला आणि तो उघडून तपासायलाही लावला. सगळे जागच्या जागी होते. हेमलताचा जीव भांड्यात पडला, आणि तो असा काही पडला की, गप्पा मारत भाजी निवडावी तसे बाईंनी पुढचे काम सुरू केले. एकीकडे मुखपृष्ठावरून समितीत झालेली भांडणे गुरुजींना रंगवून सांगायची, दुसरीकडे पडद्यावर येईल ते न वाचता 'पुढे', 'पुढे' दाबायचे.

गुरुजींनी थोडा वेळ पाहिले. मग डिस्क उचलून पिशवीत टाकली आणि पायांत चपला सरकवल्या. "मी जरा बाहेर जाऊन येतो. तुझं चालू दे."

"अहो सर, डिस्क!"

"राहू दे माझ्याजवळ," असे म्हणून ते गेलेसुद्धा.

हेमलता संतापली. या वयात हा काय पोरखेळ! माजी विद्यार्थ्यांनी धाडलेल्या आठवणी त्या संगणकात होत्या, आणि त्यांतले काही जण आता हयातही नव्हते. इथल्या पुसल्या गेल्या आणि डिस्कही वाटेत कुठे पडली, तर पुन्हा कोणाकडे मागायच्या? क्षणभर तिला वाटले, उठावे आणि गुरुजींना परत बोलवावे. पण ती पडली मानी. त्यांच्यावाचून करूनच दाखवते, असे म्हणून ती पुन्हा बसली. मात्र या वेळी बटणावरचे बोट तिने उचलले आणि पहिल्यांदाच पडदा वाचला.

'संपूर्ण डिस्क पुसून नवी प्रणाली बसवा.' या पर्यायापुढे आधीच खूण होती. त्याखाली दुसरा पर्याय होता, 'जुन्या प्रणालीच्या शेजारी बसवा.'

तिने ती पहिली ओळ पुन्हा वाचली. आणखी एकदा 'पुढे' दाबले असते, तर संगणकातले सगळे पुसले गेले असते.

तिने दुसरा पर्याय निवडला. जुनीला किती जागा ठेवायची, नवीला किती द्यायची, हेही विचार करून तिनेच ठरवले. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि काळ्या पडद्यावर एकाखाली एक दोन नावे उमटली. तिने आधी जुनी उघडली. स्मरणिका जशीच्या तशी होती, कानामात्रेचाही फरक पडला नव्हता. तयार पानांची तिथेच पीडीएफ करून, मग नवी उघडून तिने ती छापखान्याला पाठवली. थोड्याच वेळात उत्तर आले, "पाने मिळाली. अक्षरे सुरेख."

"जमलं!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की गुरुजी लगोलग आत आले. ते दारापुढच्या पायरीवरच बसून होते.

"सर, असं टाकून का गेलात मला?"

"टाकून कुठे? चुकली असतीस तर सगळं पुन्हा भरून दिलं असतं. पण डिस्क समोर होती तोवर तू तिच्या भरवशावर डोळे मिटून चालली होतीस. बॅकअप अपघातासाठी असतो गं, बेफिकिरीसाठी नसतो. मी नुसतं 'नीट वाच' म्हटलं असतं, तर 'हो सर' म्हणून पुन्हा 'पुढे' दाबलं असतंस."

हेमलताला हसू आले, कारण ते खरे होते.

पुढे शाळेच्या संगणकातही तशीच दुसरी प्रणाली बसवण्यासाठी मुख्याध्यापकांनी तिला बोलावले. तिने बॅकअप घेतला, तपासला, अगदी हाताशी ठेवला, आणि पडद्यावरची ओळ न् ओळ मोठ्याने वाचत काम तडीस नेले. गुरुजींना त्या दिवशी तिने बोलावलेच नव्हते.