रायफलींचा न्याय करणारी आवडू मेस्त्रीण

फार वर्षांमागची गोष्ट आहे. तेव्हा कोळंबऱ्याच्या रानात भर दुपारीसुद्धा कंदील लावून शिरावं लागे, असं म्हणतात. गाव घाटाच्या पायथ्याशी, मागे रान आणि पुढे ओढा. भाताला कणसं धरली की रानातून डुकरं उतरायची आणि उभं शेत नांगरल्यासारखं करून टाकायची. म्हणून गावाला शिकार करावी लागे. हाकारे ढोल बडवत रानात शिरायचे, जनावर पुढे काढायचे आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला बंदूकवाले दबा धरून बसायचे.

त्या गावात आवडू नावाची लोहाराची लेक राहत होती. तिचा बाप ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचा. आवडू त्याच्यासमोर भात्यावर बसून वाढली. ती लोखंडाला कान लावायची आणि आत चीर आहे की नाही ते सांगायची, असं म्हणतात. बाप म्हातारा झाल्यावर गाव तिलाच मेस्त्रीण म्हणू लागलं. तिचा नवरा रवळू. तोही लोहारच, पण त्याचा जीव ढोलात. हाक्याच्या वेळी कमरेला फेटा गुंडाळून सगळ्यांच्या पुढे रवळू असायचा. त्याच्या ढोलाचे बोल गावाला पाठ होते. सावकाश, काठीचं एकेक टिपरू पडलं, म्हणजे पुढे चला. दोन-दोन घाईने पडली, म्हणजे थांबा, जनावर अजून आत आहे.

गावाचे मानकरी होते भिवाजी देसाई. त्यांनी एके वर्षी बोटीने नवी रायफल मागवली. विलायती कारखान्यात घडलेली, काळीभोर नळी, नळीखाली चकचकीत अक्रोडी लाकडाचा दस्ता. अख्खं गाव बघायला गेलं. देसायांनी ती कुणाच्या हाती दिली नाही.

त्याच सुमाराला देवळातल्या बैठकीत रवळू उठून देसायांना म्हणाला होता, "पिलासकट मादी मारलीत तर मी यापुढे ढोल वाजवणार नाय."  सगळ्या गावासमोर त्यांना असं तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं.

मग शिकारीचा दिवस आला. रवळू ढोल वाजवत रानात शिरला. देसाई आपल्या जागेवर होते. डुकरं निघाली, देसायांनी एकामागून एक बार काढले, आणि शेवटच्या बाराबरोबर ढोल थांबला.

रवळू डुकरांपासून बराच डावीकडे उभा होता. गोळी ढोलाचं कातडं फोडून त्याच्या छातीत शिरली होती.

देसाई रायफल टाकून धावले. "मी डुकरावर मारली. रायफलीनं डावीकडे टाकली," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. कुणी मान हलवली, कुणी नाही. रवळूला जाळलं तेव्हा त्याचा फुटका ढोलही चितेवर ठेवला. आवडू रडली नाही. ती चितेकडे पाहत उभी राहिली आणि लाकडं फुटण्याचा आवाज ऐकत राहिली.

दिवसकार्य उरकलं, आणि दुसऱ्याच दुपारी रानातून ढोल ऐकू आला.

आधी गुराख्यांनी ऐकला. ऊन डोक्यावर आलं की पाखरं गप्प व्हायची, वारा पडायचा, आणि आत कुठेतरी टिपरू पडायचं. दोन-दोन, घाईने. थांबा, जनावर अजून आत आहे. गुरं जागच्या जागी थिजायची. मग ती शेपट्या उचलून गावाकडे पळत सुटायची आणि कितीही हाणली तरी रानाकडे तोंड करायची नाहीत. सरपणाला गेलेल्या बायका रिकाम्या हाताने परतल्या. त्या सांगत, ढोल पुढे असतो, जवळ गेलं की मागे असतो, आणि मागे वळलं की तो आपल्याच छातीत वाजतो.

रान बंद झालं. चुली कशाबशा पेटू लागल्या. डुकरं मोकाट झाली, कारण हाक्याला जायला कुणी तयार होईना. गावात कुजबुज वाढली. रवळूचा धाकटा भाऊ पुना उघड म्हणू लागला, "माझ्या भावाला मारलाय. बैठकीतला राग काढला." देसायांच्या अंगणात कुणी फिरकेना. त्यांनी अन्न सोडलं होतं. दुपार झाली की ते कानांवर हात दाबून माजघरात बसत, असं त्यांच्याच घरचे सांगत.

शेवटी एके सकाळी देसाई अनवाणी चालत आवडूच्या दारी आले. रायफल त्यांनी उंबऱ्यावर आडवी ठेवली.

"मेस्त्रीणबाय, ही खोटी असेल तर मी सुटलो. ही खरी असेल तर मी खोटा. मग गावानं माझं काय वाटेल ते करावं. तूच बघ."

पुना मागून ओरडला, "वहिनी, हात लावू नको त्या पाप्याच्या वस्तूला!"

आवडूने रायफल उचलली. ती तिच्या हाताला थंड लागली, विहिरीतून काढल्यासारखी. तिने नळी कानाशी धरली आणि बराच वेळ तशीच बसली. तिला काय ऐकू आलं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "रानाच्या कडेला फणसाचा तक्ता उभा करा. आणि तुसाची पोती आणा."

सगळं गाव जमलं. आवडूने तक्त्यावर काजळीचं बोट टेकवून ठिपका काढला. तुसाच्या पोत्यांवर रायफल अशी बसवली, की माणसाच्या श्वासाने किंवा खांद्याने ती हलू नये. ती लोकांना म्हणाली, "गोळी ठिपक्यावर बसते की नाय, ते मी बघत नाय. नेम चुकीचा असला तर नळीच्या टोकावरची माशी सरकवून नीट करता येतो. गोळ्या एकमेकींजवळ पडतात का, ते बघायचं. रोज एकच बोलतो तो माणूस खरा, तशीच ही."

तिने चाप ओढला. थांबली. पुन्हा ओढला, असे कितीतरी बार काढले. धूर विरल्यावर पुना तक्त्याकडे धावला. सगळ्या गोळ्या एका जागी होत्या. एका सुपारीखाली झाकल्या जाव्यात इतक्या जवळ.

गावाने एकदम श्वास सोडला. रायफल खरी होती. म्हणजे माणूस खोटा. देसायांनी मान खाली घातली. 

आवडूच्या मनात तेव्हा काय झालं? म्हणतात, तिच्या तोंडाला गोड चव आली. इतक्या दिवसांचा जाळ कुणीतरी पाणी टाकून विझवावा तसं तिला वाटलं. आपल्या माणसाला मारणारा समोर उभा होता, आणि तिला आता एक शब्दही बोलायची गरज नव्हती. गप्प राहिलं की पुरे होतं.

तेवढ्यात पाखरं गप्प झाली.

ढोल रानाच्या कडेलाच वाजला. तक्त्याच्या मागच्या झाडीतून, इतक्या जवळून की तक्ता थरथरला. दोन-दोन, दोन-दोन, घाईने. लोक मागे सरले. बायकांनी पोरांना कवटाळलं. आवडू मात्र तशीच बसून राहिली. तो हात तिच्या ओळखीचा होता. त्या हाताला शब्द नव्हते, पण बोल होता: थांबा. जनावर अजून आत आहे.

तिच्या तोंडची गोड चव गेली.

ती उठली आणि देसायांसमोर जाऊन उभी राहिली. "त्या दिवशी हवा कशी होती?"

देसायांना आधी प्रश्नच कळला नाही. "हवा?"

"हवा. ऊन, वारा, पाऊस. त्या दिवशी."

"पाऊस... अवकाळी झड होती पहाटेपासून. मी गवतात बसलो होतो. रायफल मांडीवर. सगळा भिजलो होतो."

"आणि आज कोरडं ऊन आहे," आवडू म्हणाली. तिने अंगावरचा पदर फाडला, ओढ्यात बुडवला आणि रायफलीच्या दस्त्याला घट्ट गुंडाळला. "उद्या या सगळे."

पुना तिच्या आडवा आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "आता आणखी काय बघायचं आहे, वहिनी? न्याय झाला की!"

"रायफलीचा झाला," ती म्हणाली. "त्या दिवसाचा नाय झाला."

दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा जमलं.  आवडूने ओलं फडकं सोडलं, रायफल पोत्यांवर ठेवली, पहिला बार काढला. गोळी कालच्याच जागी बसली. दुसरा काढला. गोळी बोटभर डावीकडे गेली. नळी तापत होती. तिसरी आणखी डावीकडे. मग आणखी. कुणीतरी हाताला धरून नेत असल्यासारख्या गोळ्या तक्त्यावरून डावीकडे चालत गेल्या, आणि शेवटची तक्ता सोडून रानात शिरली.

ती गोळी झाडीत शिरताना कातड्यावर टिपरू पडल्याचा आवाज झाला. एकदाच. आणि झाडीत, पानांच्या मागे, कमरेला फेटा गुंडाळलेला एक माणूस हळूच वळून आत चालू लागलेला कित्येकांनी पाहिला, असं म्हणतात. पुनाने तर पाहिलाच. तो गुडघ्यांवर बसला आणि "दादा" म्हणून हाक मारून लहान पोरासारखा रडला.

आवडूने तिथेच दस्ता सोडवला. नळीला खालून दिव्याची काजळी माखली, नळी पुन्हा लाकडाच्या खाचेत बसवली आणि उचलली. खाचेच्या उजव्या कडेला काळा पट्टा उमटला होता. थंड देशातलं लाकूड आपल्या हवेत पाणी पिऊन फुगलं होतं आणि नळीला उजवीकडून रेटत होतं. नळी तापली की तो रेटा तिला सोसवत नव्हता. कोरड्या दिवशी हे कुणालाच दिसलं नसतं.

देसाई तो काळा पट्टा बघत राहिले. मग त्यांचा बांध फुटला. आवडू त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तुमचा नेम खरा होता, देसाई. गोळी तुम्ही रवळूवर नाय मारली. पण रायफल बोटीतून उतरवलीत आणि न तपासता माणसांच्या अंगावर धरलीत. तेवढं पाप तुमचं. ते मी कुणाला फेडू देणार नाय. ते तुमच्यापाशीच राहील."

मग ती कानस घेऊन बसली. काळा पट्टा खरवडायचा, पुन्हा काजळी, पुन्हा खरवडायचं. नळीच्या दोन्ही बाजूंनी कागद सरकेल एवढी मोकळी जागा झाली, तेव्हा तिने लाकडाला आतून-बाहेरून जवसाचं तेल पाजलं. ते काम तिने संध्याकाळ होईपर्यंत केलं आणि सबंध वेळ ती रडत होती. चितेपुढे न आलेलं रडणं तेव्हा आलं.

त्या दिवसापासून दुपारचा ढोल बंद झाला. गुरं रानात चरू लागली.

पण कोळंबऱ्याच्या हाकाऱ्यांनी तेव्हापासून एक नियम धरला. आवडूने तपासलेली नाही अशी रायफल रानात असेल, तर टिपरूला हात लावायचा नाही. लांबलांबचे शिकारी आपल्या नव्या रायफली घेऊन तिच्या दारी येऊ लागले. एकाच कारखान्यातून, एकाच पेटीतून आलेल्या दोन रायफली ती शेजारी ठेवायची आणि सांगायची, हिला ऊन सोसत नाही, हिच्या नळीच्या तोंडाला टवका आहे, हिला अमुक काडतूस मानवतं, तमुक नाही. ती प्रत्येक रायफल कोरडी तपासायची, मग ओली तपासायची. आणि बार काढायला दुसऱ्याला सांगून ती स्वतः तक्त्याच्या डाव्या हाताला, रवळू पडला तेवढ्या अंतरावर, मांडी घालून बसायची. खोटी गोळी आली तर ती माझ्या अंगावर येऊ दे, म्हणायची. गोळ्या तिच्या पदराला वारा घालत जायच्या, पण एकही कधी लागली नाही. उन्हात तिच्या शेजारी आणखी एक सावली बसलेली असे, आणि तिला माणूस नसे, असं म्हणतात.

एकदा एका पाहुण्याची रायफल आली. कोरडी खरी, ओली खरी, तापून खरी. तक्त्यावर एकाच भोकातून सगळ्या गोळ्या गेल्या. आवडूने ती कानाशी धरली आणि तिचा चेहरा उतरला. "हिच्यात काही खोट नाय," ती म्हणाली. "पण ही वाट बघते आहे. ही घरात ठेवू नका." पाहुणा कुणाची वाट बघते ते विचारायलाही थांबला नाही. त्याने ती ओढ्याच्या डोहात टाकली. त्या डोहावर अजूनही मासे धरत नाहीत.

आवडू खूप म्हातारी झाली. एके दिवशी घाटावरून धुकं उतरलं होतं. तपासायला कुठलीही रायफल आलेली नव्हती. तरी ती उठली, काजळीची वाटी घेतली आणि रानाच्या कडेला निघाली. ओढ्यावरच्या बायकांनी तिला धुक्यात जाताना पाहिलं. थोड्या वेळाने रानात ढोल वाजला. सावकाश, एकेक टिपरू. पुढे चला, पुढे चला. धुकं उठल्यावर लोक गेले, तर तक्त्याजवळ कुणीच नव्हतं. तक्त्यावर काळा, उघडा पंजा उमटला होता. कित्येक पावसाळे तो धुतला गेला नाही, असं म्हणतात. पुढे तक्ताच वाळवीने खाल्ला.

आता शिकार कधीचीच बंद झाली. रायफली गेल्या, हाकारे गेले. पण कोळंबऱ्यात कुणाचाही तंटा देवळात आला, तर त्याचा निकाल त्याच दिवशी देत नाहीत. कुणाचा बैल कुणाच्या शेतात शिरलेला असो, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलेलं असो, कुणी कुणावर हात उचललेला असो. साक्षी कितीही पक्क्या असोत. "आवडूचा दिवस जाऊ दे," म्हणतात आणि उठतात. दुसऱ्या दिवशी आरोप करणारा आणि ज्याच्यावर आरोप आहे तो, दोघांनाही रानाच्या कडेला नेऊन शेजारी-शेजारी बसवतात. आणि गावातला सगळ्यात वडील माणूस दोघांना पहिला प्रश्न विचारतो, "त्या दिवशी हवा कशी होती?"

बाहेरगावचे लोक ऐकून हसतात. कोळंबऱ्याचे कुणी हसत नाहीत. ते डोळे मिटतात, तो दिवस आठवतात, आणि जशी होती तशी सांगतात.