गुंजाचं वेटोळं

फार फार पूर्वी, भर समुद्रातल्या एका बेटावर गुंजा नावाची हातभर लांबीची अजगरीण राहायची. घाबरली की ती चेंडूसारखं वेटोळं करायची आणि तिच्या डोळ्यांतून रक्त यायचं. खेकड्यांना त्याचीच मजा! रोज तिला नांगीने ढोसायचे आणि ओरडायचे, "रडली रे रडली!"

एकदा ओंडक्यावरून वाहत आलेला उंदीर खेकड्यांच्या बिळात शिरला. खेकडे धावत आले. "गुंजाताई, आमची पिल्लं वाचव!"

"कालपर्यंत चेंडू होते, आज ताई झाले होय?" गुंजा फणकारली. पण पिल्लांचा काय दोष? तिने उंदराला आवळलं आणि गिळून टाकलं.

आभार राहिले बाजूला, म्होरक्या खेकड्याने सवयीने नांगी उगारली. या वेळी गुंजाने वेटोळं केलं नाही.

"ढोस की मेल्या," ती म्हणाली. "पोटात अजून जागा आहे."